खरूज नव्हे

झाशीच्या मेमध्येही कश्मिरा पूर्ण बाह्यांचा कुडता घालून कारखान्यात यायची.

ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलवर इन्सुलेशनसाठी रेझिन ओततात, त्या विभागात ती केमिस्ट होती. नव्या लोकांना सुरक्षेचे नियम तीच शिकवायची. रेझिन आणि हार्डनर घट्ट होईपर्यंत त्वचेला लागू द्यायचे नाहीत. लागलेच, तर साबण आणि पाणी. थिनर मुळीच नाही, कारण थिनर त्वचेवरचं तेल काढून घेतो आणि रेझिनला आत शिरायला सोपं जातं. एकदा ॲलर्जी जडली की पुढे नुसता हात लागला तरी अंगावर उठतं. अशा माणसाला विभागातून हलवतात.

कश्मिराला हलायचं नव्हतं. म्हणून त्या बाह्या.

जेवणाच्या सुट्टीत मिक्सिंगवरचे दामोदरकाका खिडकीपाशी एकटेच डबा उघडून बसले होते. त्यांच्या मनगटांवर लाल, खवल्यांसारखं पुरळ होतं.

"दामोदर भैया, लोणचं इकडे नका सरकवू," टेबलावरून रमाकांत ओरडला. "आम्हालाही खरूज वाटाल!"

सगळे हसले. काकाही हसले. कश्मिराचेही ओठ ताणले गेले. ती खरूज नव्हती, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"मॅडम, तुम्हीच सांगा," रमाकांत म्हणाला, "यांना घरी नको का पाठवायला?"

"हे पसरत नाही," ती म्हणाली. "रेझिनची ॲलर्जी आहे."

"मग दुसऱ्या कुणाला कशी नाही झाली?"

सगळ्यांनाच होत नाही, हे उत्तर खरं होतं, पण कुणाला पटलं नसतं. तिने बाही कोपरापर्यंत वर केली. तेच पुरळ होतं.

रमाकांत बाकावर सरकला. "या ना, काकाजी. इथे बसा."

काका तिच्याकडेच बघत राहिले. "कधीपासून आहे?"

"होळीच्या आधीपासून."

"आणि मी इथे एकटा बसतो, ते रोज बघत होतीस?"

तिने बाही खाली ओढली.

"थिनरने हात पुसायला तुला बघूनच लागलो, बेटा. नमुने तपासताना तूच पुसायचीस. म्हटलं, शिकवते एक, पण करते ते खरं असणार."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"काका, दवाखान्यात चला. मी लिहून देते सगळं. माझंही."

ते उठले, पण तिच्याबरोबर चालले नाहीत. चार पावलं पुढेच राहिले. दवाखान्यात तिने आधी त्यांचं नाव सांगितलं. स्वतःचं सांगताना आवाज इतका बारीक निघाला की कंपाउंडरने पुन्हा विचारलं, "कौन?"