उत्तरापुरती जागा

सोसायटीच्या ग्रुपवर माणसांना नावं नव्हती, फ्लॅटचे नंबर होते. ११०२ ला पार्किंगवरून राग यायचा, ३०१ ला पाणी कमी यायचं आणि ६०४ कडून रोज सकाळी गुलाबाचं फूल यायचं, खाली ‘शुभ सकाळ’. अनुपमा तिथे १२०३ होती. आणि खाली बागेत, घसरगुंडीपाशी, ‘गार्गीची आई’. लग्न होऊन अंधेरीत आली त्याला चार वर्षं होत आली, गार्गी सव्वा वर्षाची झाली, पण या अख्ख्या टॉवरमध्ये तिला अनुपमा म्हणून हाक मारणारा एकच माणूस होता, तिचा नवरा सुबोध. तोही हल्ली दिवसभर कानात हेडफोन घालून परदेशातल्या माणसांशी बोलत असायचा.

गार्गी व्हायच्या आधी ती शाळेत इतिहास शिकवायची. नोकरी सोडली तेव्हा सगळे म्हणाले, बरं केलंस. तिलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. दिवसभर बोलूनही न बोलल्यासारखं वाटतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. भूभू कुठाय, काऊ कुठाय, आ कर बघू. संध्याकाळी इस्त्रीवाल्याशी दोन वाक्यं बोलायची वेळ आली की तिला स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

म्हणून एका दुपारी, गार्गीचा डोळा लागलेला असताना, तिनं ग्रुपवर मेसेज टाकला. खोडून खोडून लिहिला. ‘रविवारी सकाळी साडेसहाला आपल्या गेटपासून गिल्बर्ट हिलपर्यंत चालत जाऊ या. वाटेत आपल्या भागाच्या जुन्या गोष्टी सांगेन. मुलांनाही आणा. अनुपमा, १२०३.’ नाव मुद्दाम नंबराच्या आधी लिहिलं.

अंगठे आले, पुष्कळ आले. कुणी टाळ्या वाजवल्या. ६०४ नं गुलाब पाठवला. तो तिच्या मेसेजला होता की सकाळचा पाठवायचा राहिलेला, हे कळायला मार्ग नव्हता.

“झकास ना! हिट आहेस तू,” सुबोध म्हणाला.

“येतील ना रे?”

“येतील गं. आणि नाही आले तर मस्त झोप काढ. रविवार तर आहे.”

ती हसली, पण मनात तिनं ठरवून टाकलं होतं. एक जरी माणूस आलं तरी दर महिन्याला हे करायचं. कुणीच नाही आलं तर इतिहासाचं हे खूळ डोक्यातून काढायचं आणि ग्रुपवर पुन्हा कधी नाव लिहायचं नाही.

रविवारी ती गार्गीला पोटाशी बांधून गेटवर उभी राहिली. वॉचमन राजाराम खुर्चीवरून उठला.

“गाडी बोलावलीय का मॅडम?”

“नाही. मंडळी येणारेत. फिरायला जायचंय.”

“आपल्या बिल्डिंगमधली?” त्यानं मान वर करून मजल्यांवर मजले बघितले. “रविवारी? नऊच्या आत इथं पेपरवाला वर जातो तेवढाच.” मग तिचा चेहरा बघून त्यानं घाईघाईनं सावरून घेतलं, “येतील, येतील. लिफ्टच हळू आहे ना. दुपारी तर बंदच ठेवणारेत, रिपेरिंगला.”

एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन उतरले. ती पुढे झाली. ते “गुड मॉर्निंग” म्हणाले आणि कुत्र्यामागून निघून गेले. मग कुणी नाही. गार्गीनं तिच्या ओढणीचं टोक चघळून ओलं केलं. राजाराम उगाचच रजिस्टर चाळू लागला, तिच्याकडे बघायला नको म्हणून.

आता काय भिंतीशी बोलू? तिच्या मनात आलं, आणि त्यासरशी टीव्हीतली ताई आठवली. ती भिंतीशीच बोलायची की!

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात अनुपमाचं लहानपण गेलं. गिरणी बंद पडल्यावर बाबा जवळच्याच एका कारखान्यात लागले होते, आई शिवणकामाला जायची. अनू आणि तिचा भाऊ सुशांत, दोघांचीही शाळा दुपारची. सकाळभर आतून कडी लावून बसायचं, शेजारणीलाही दार उघडायचं नाही, अशी आईची ताकीद. मग शोकेसवरचा टीव्ही लावला की शाळेच्या मुलांसाठीचा कार्यक्रम लागायचा आणि ताई यायची. लांब वेणी, चौकटीची साडी, पुढ्यात टेबलावर वाळूचा ट्रे. वाळूत बोटानं नद्या काढायची, मुठीनं डोंगर करायची. मध्येच प्रश्न विचारायची आणि गप्प व्हायची. मान किंचित कलती करून थेट आपल्याकडे बघत राहायची. मग हसून म्हणायची, “शाब्बास!”

त्या गप्प राहण्यात अनू उत्तर द्यायची. वर्गात देतात तसं उभं राहून, हाताची घडी घालून, खणखणीत. ताईला आपलं ऐकू जातं याबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती. नाहीतर शाब्बास कशाला म्हणाली असती?

एके दिवशी ताईनं वाळूत बेटं केली, भोवती निळं पाणी ओतलं. “कुर्ला, विक्रोळी, अंधेरी, बोरिवली. सांगा बरं, ही सगळी गावं कुठल्या बेटावर आहेत?”

“मुंबई!” अनू ओरडली.

ताई थांबली, हसली. “शाब्बास! साष्टी.”

सुशांत जमिनीवर गडबडा लोळला. “अगो येडे, तिका काय आयकाक येता? ती पेटीत आहे, पेटीत! काहीपण बोल, शाब्बासच म्हणणार.” आणि पुढच्या प्रश्नाला तो मुद्दाम ओरडला, “बटाटा!”

“शाब्बास!” ताई म्हणाली.

त्या दिवसानंतर अनू उभी राहिली नाही. सुशांतच्या हसण्याचं तिला फारसं वाटलं नव्हतं. तिला वाईट वाटलं ते ताईचं. इतके दिवस ती बिचारी एकटीच बोलत होती. कुणी उत्तर दिलं की नाही, तिला कधीच कळलं नसणार. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वेणी घालून आलीच.

“निघते हो,” अनुपमा राजारामला म्हणाली.

“एकट्याच?”

“ही आहे ना.”

गावठाणाच्या तोंडाशी, झेंडूची माळ घातलेल्या जुन्या क्रॉसपाशी ती थांबली. मोबाईल काढला, ग्रुप उघडला, माइकच्या खुणेवर बोट दाबून धरलं. पहिली दोन वाक्यं पुटपुटल्यासारखी आली. मग शाळेतला आवाज सापडला. “मित्रांनो, आपण आता एका गावात आलोय. हो, गावात. ही कौलं बघा. इथं भातशेती होती. आपल्या टॉवरच्या जागी काय असेल, सांगा बरं?” ती गप्प झाली. रिक्षा गेली, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, गार्गी “आऽ” म्हणाली. “शाब्बास! भाताची खाचरं. आपण लिफ्टनं वर जातो ना, त्याच्या खाली बेडूक ओरडत होते.”

पाठवलं. पुढे निघाली.

बुजवलेल्या विहिरीपाशी दुसरं. टेकडीच्या पायथ्याशी तिसरं. गल्लीतून वळलं की तो काळा कातळ एकदम अंगावर येतो. दगडाचे खांब एकमेकांना टेकवून उभे करावेत तसा. पायथ्याशी घरं त्याला इतकी बिलगलेली की कुणी कातळालाच खिळा ठोकून दोरी बांधली होती आणि तिच्यावर मुलांचे गणवेश वाळत होते.

“कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड,” तिनं सांगितलं. “पूर्वी हा असा एकटा नव्हता, आजूबाजूलाही डोंगर होता. सांगा बरं, बाकीचा कुठे गेला?” थांबली. “शाब्बास! आपल्याच पायाखाली. फोडून फोडून रस्त्यांत आणि भिंतींत गेला.”

कातळात खोदलेल्या पायऱ्या चढून ती गावदेवीच्या देवळापाशी पोचली तेव्हा पाठ घामानं भिजली होती. इमारतींच्या फटीतून जुहूकडचा समुद्र पट्टीएवढा दिसत होता, पूर्वेला नॅशनल पार्कचे डोंगर धुरकट. वरून सगळं वाळूच्या ट्रेसारखंच. पलीकडे कुठेतरी विक्रोळी होती. तिथली खोली केव्हाच विकली होती, सुशांत आखातात, दोह्याला होता. फोन केला तर उचललाही असता त्यानं, पण सांगायचं काय? गार्गीच्या डोक्यावर तिनं ओठ टेकले आणि शेवटचं रेकॉर्डिंग केलं, बेटाचं.

घरी आली तेव्हा सुबोधनं दारातच विचारलं, “किती जण आले?”

“पोहे करू की उपमा?” ती म्हणाली. तो काय ते समजला. गार्गीला तिच्याकडून घेताना त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला तो हातही नको झाला.

ग्रुपवर तिच्या आवाजाच्या निळ्या पट्ट्या एकाखाली एक पडल्या होत्या. त्यांच्याखाली कुणीतरी एसी दुरुस्तीवाल्याचा नंबर मागितला होता आणि त्याला लगेच तिघांनी दिलाही होता. मग ११०२: ‘मॅडम, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. एवढे ऑडिओ कोण ऐकणार?’ त्यावर दोन अंगठे. ६०४ चा गुलाब सकाळीच येऊन वर सरकला होता.

खरंच की, कोण ऐकणार? दुपारी सुबोध झोपल्यावर तिनं एकेक पट्टी निवडायला सुरुवात केली. निवडून झाल्या. ‘सगळ्यांसाठी डिलीट’वर बोट नेलं, एवढ्यात गार्गी रडत उठली आणि फ्रिजमध्ये दूध नाही हे लक्षात आलं. मोबाईल तसाच खिशात टाकून, पोरीला कडेवर घेऊन ती निघाली. लिफ्टवर ‘काम चालू’ची पाटी. जिन्यानं उतरू लागली.

सहाव्या मजल्याच्या वळणावर तिला तिचाच आवाज ऐकू आला.

आधी वाटलं, आपलाच खिशातला मोबाईल. चाचपला, तो गप्प होता. आवाज दारामागून येत होता, मोठ्ठा करून लावलेला, घराघरात कमी ऐकू येणारी माणसं लावतात तसा. “सांगा बरं, बाकीचा कुठे गेला?”

“बिल्डरनी खाल्ला!” आतून एका म्हातारीचा आवाज कडाडला.

“शाब्बास!” अनुपमाचा आवाज म्हणाला.

आतली बाई खुदकन हसली. अनुपमा कठड्याला धरून उभी राहिली. दारावर पाटी होती: ६०४. गार्गी दाराकडे बोट दाखवून “आऽ” म्हणाली. अनुपमानं तिच्या ओठांवर हलकेच बोट ठेवलं.

आता बेट आलं. माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत, तिकडे ठाण्याची खाडी, चहूकडून पाणी. “सांगा बरं, या बेटाचं नाव काय?”

आत खुर्ची करकरली. मग, वर्गात पहिलं उत्तर देणाऱ्या मुलीच्या तोऱ्यात, “मुंबई!”

“शाब्बास! साष्टी.”

“आँ?”

अनुपमाचं बोट बेलवर गेलं ते तिला नंतर कळलं. आत पावलं घासत घासत आली. दार साखळीपुरतं उघडलं. पांढरे केस, हातात मोबाईल, मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली रिकामा सोफा.

“पोरं घरी न्हाईत. जुहूला गेलीत. कोन गं तू?”

“मी...” तिनं म्हातारीच्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवलं. “ही. बाराव्या मजल्यावरची. अनुपमा.”

म्हातारीनं मोबाईलकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा मोबाईलकडे. साखळी निघाली. “आगं, तूच व्हय? मी सोनूबाई. विशालची आई. सकाळी यायचं लई मनात हुतं बघ. पन ही गुडघी. म्हनून गुलाब धाडला.”

“आजी,” अनुपमा म्हणाली, “शेवटचं उत्तर चुकलं तुमचं.”

“चुकलं?” सोनूबाईच्या भुवया वर गेल्या. “मंग शाब्बास कशापायी म्हनलीस गं मेले?”

अनुपमाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. गार्गी दोघींकडे आळीपाळीनं बघू लागली.

“रडतीस काय दारात? ये आत, नीट सांग. चाळीस वरसं झाली गावाकडनं येऊन. मुंबई न्हाई म्हनतीस, तर मंग म्या हाय तरी कुठं?”

आणि सोनूबाई गप्प झाली. दाराची कडी धरून, मान किंचित कलती करून, थेट अनुपमाकडे बघत उभी राहिली.