पाठ लागली की सोडायचं

"अण्णा, ट्रायलला जरूर या, पण तोंड उघडू नका," असं कोच अनिलकुमारने गुंडूरावांना हात जोडून सांगितलं होतं. चामराजपेटेतल्या गरडीत, म्हणजे आपल्या तालमीत, अर्धं आयुष्य ओरडण्यात घालवलेल्या वस्तादाला हे ऐकवायलाही छाती लागते. पण गुंडूराव निमूट "सरी", म्हणजे बरं, म्हणाले. भाच्याच्या भवितव्यापुढे मानापमान कसला!

गिरीधरचा दोष एकच, आणि तो मामांनीच जडवलेला. मातीत पाठ लागली की वस्ताद टाळी देतात. मग जिंकणाऱ्याने हात काढायचा, हरलेल्याला उठवायचं. पडलेल्याच्या उरावर बसून राहतो तो पैलवान नव्हे, असं मामांनी पोराच्या हाडीमांसी भिनवलं होतं. मॅटवर मात्र पंचांची शिट्टी होईपर्यंत दोन्ही खांदे दाबून धरावे लागतात. गेल्या वर्षी गिरीधरने गडी चीत केला, सोडला आणि त्याच गड्याकडून हरून घरी आला. वर्षभर अनिलकुमारने त्याच्याकडून ही एकच गोष्ट घोटून घेतली. आता कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे वाट होती, नाही तर मामांचं भांड्यांचं दुकान होतंच.

शेवटच्या कुस्तीला समोर अवधूत उभा राहिला. पोरगं चपळ, शिवाय मॅटवरच वाढलेलं. बनशंकरीच्या हॉलमध्ये, वर गॅलरीत पंख्याखाली बसूनही गुंडूरावांना घाम फुटला. कधी काय तोंडातून निसटेल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी टॉवेलचं टोक दातांत घट्ट धरलं. अवधूतने पटापट गुण घेतले. गिरीधर मागे पडला, श्वास लागला, एकदा तर मॅटबाहेर फेकला गेला.

"अरे, कमरेत शिर!" मामा मनातल्या मनात ओरडत होते.

आणि पोरगं खरंच शिरलं. ढाकेचा डाव लागला, लखलखीत, मामांनीच शिकवलेला. अवधूत हवेत फिरून पाठीवर आदळला. गिरीधर त्याच्यावर आडवा पडला, दोन्ही खांदे दाबले. पंच मॅटला गाल टेकवून बघायला वाकले. हॉल चिडीचूप झाला.

त्या शांततेत टाळी वाजली. एकच, खणखणीत.

आपल्याच तळहातांची आग गुंडूरावांना कळली, तोवर गिरीधरने हात काढलाही होता. अवधूत माशासारखा सुळकन निसटला आणि पाठीवर स्वार झाला. वेळ संपेपर्यंत त्याने गिरीधरला उठू दिलं नाही.

"परत तेच!" अनिलकुमार पोरावर धावून गेला. "वर्षभर काय भजन करत होतो आपण?"

गिरीधर खाली मान घालून उभा राहिला.

गुंडूराव कसेबसे खाली उतरले. "त्याला बोलू नको रे, अनिल," ते म्हणाले. "टाळी मी वाजवली. वाजली हातून. गिरी, पोरा, मी घात केला तुझा."

"ठाऊक आहे, मामा," गिरीधर म्हणाला. कोचदेखत त्याने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "शिट्टी झाली नाही, तेही कळत होतं मला. पण तुम्ही टाळी दिल्यावर धरून कसं ठेवू?"

गुंडूरावांना वाटलं, पोराने चारचौघांत शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.