आजारपणाचं पान

पूलवाल्या साहेबांचं चरित्र बाजारात आलं आणि त्यांच्या थोरल्या मुलीला पन्नाशी उलटल्यावर वडील मिळाले. खरे वडील केव्हाच गेले होते. आणि होते तेव्हाही घरी कमी, पुलावर जास्त. हे नवे वडील एका पानावर होते. मुलगी तापानं फणफणलेली, नदीला पूर, पूल अर्धाच उभा, आणि साहेब सगळं टाकून रात्ररात्र तिच्या उशाशी. कपाळावरची ओली घडी बदलताहेत, गोष्टी सांगताहेत.

सगळं धादांत खोटं. घडी बदलली ती आत्यानं. साहेबांची ही बिनलग्नाची बहीण त्या घरात जन्मभर राबली आणि कुणाच्या खिजगणतीत नव्हती. साहेब पुलावरून हललेच नव्हते. मुलगी उठून हिंडायला लागल्यावर आले, "बारीक झालीस गं" म्हणाले आणि जेवायला बसले.

चरित्रकार आधी कादंबऱ्या लिहायचा. त्या कुणी हातात धरेना, म्हणून मोठ्या माणसांच्या चरित्रांकडे वळला. पण खोड जुनीच. दर प्रकरणात वाचकाचा एकदा तरी गळा दाटला पाहिजे, ही त्याची रीत. माणूस कोरडा निघाला तर ओलावा पदरचा घालायचा. थोरलीला त्यानं वडिलांची एखादी हळवी आठवण विचारली होती. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्यातून त्यानं हे पान काढलं.

थोरली चिडली. रागाच्या भरात तिनं ते पान पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना श्वास रोखा, सोडा सांगायचं, परक्यांच्या बरगड्या निरखायच्या, आणि संध्याकाळी कुलूप काढून रिकाम्या घरात शिरायचं. आता चहाबरोबर ते पान असायचं. वाचता वाचता कपाळावर हात यायचा. आत्याचा खरखरीत हात हळूहळू साहेबांचा होत गेला, आणि तिनं तो होऊ दिला.

एका रविवारी पुस्तक काखोटीला मारून एक बसड्रायव्हर पत्ता शोधत आला. बिचारा दारातच अवघडून उभा. आपली मुलगी महिनाभर अंथरुणाला खिळली होती, सांगत होता. आपण कधी खाडा केला नाही, बायको बोलून बोलून थकली. मग डेपोत बसून हे पान वाचलं आणि सरळ रजा टाकली.

"साहेबांनी पूल सोडला, ताई. माझी तर नुसती बस होती."

पोरगी आता बरी आहे, पण गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही, आणि आपल्याजवळच्या संपल्या. साहेब कुठल्या सांगायचे? पुस्तकात काही दिलं नाही.

थोरलीनं त्याला आत बसवलं आणि गोष्ट सांगितली. रुसून छपरावर जाऊन बसलेल्या झाडूची. झाडूचा गेंगाणा आवाजसुद्धा काढला, अगदी आत्या काढायची तसा. ड्रायव्हर पोट धरून हसला.

"एवढा मोठा माणूस, आणि झाडूचा आवाज काढायचा?"

"हो," थोरली म्हणाली.

तो खूश होऊन गेला. तिनं कप विसळून ठेवले. आत्याच्या मालकीचं या जगात तेवढंच काही उरलं होतं, एक गेंगाणा आवाज. आज भाचीनं तोही भावाच्या पदरात टाकला.

थोड्याच दिवसांत चरित्रकाराचा फोन आला. दुसरी आवृत्ती निघतेय, काही दुरुस्ती असेल तर सांगा.

"ते आजारपणाचं पान खोटं आहे. माझ्याजवळ आत्या बसली होती. तसं लिहा."

तो हसला. वाचकांची सगळी पत्रं त्याच पानावर येतात, म्हणाला. "आत्यासाठी कोण रडणार, ताई? घरातली बाई आजारी पोरीजवळ बसली, यात काय विशेष? बसणारच."

"म्हणूनच लिहा."

मग तो जरा खालच्या आवाजात बोलला. "विचार करून सांगा. ते पान काढलं तर अख्ख्या पुस्तकात वडील तुमच्याजवळ कुठेच राहत नाहीत."

मेल्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पुस्तक समोरच उघडं होतं. संध्याकाळी घरी आल्यावर वाट बघणारं एवढं एकच माणूस होतं, आणि ते हिच्या एका शब्दावर जाणार होतं.

"नव्हतेच," ती म्हणाली. "काढा."

दुसरी आवृत्ती आली. तिनं उभ्या उभ्याच ते प्रकरण उघडलं. साहेब उशाशी नव्हते. आत्याही नव्हती. चरित्रकारानं आजारपणच उचलून टाकलं होतं, आणि त्याच्याबरोबर तापानं फणफणलेली ती पोरगीही. तिनं ओळींवर बोट ठेवून वाचलं. नदीला पूर आला, पूल अर्धाच उभा होता, साहेब पावसात मजुरांमध्ये उभे राहिले, आणि पूर ओसरला. मजकूर झरझर पुढे जात होता. वाचणाऱ्याला कुठे ठेचसुद्धा लागली नसती.