चुका काढणारा माणूस

"शत्रू डोक्यावर असताना एवढी बोंबाबोंब? आम्ही शिंक आली तरी उशीत तोंड खुपसायचो!" आमचे हे टीव्हीकडे बघत पुटपुटले.

सगळी नोकरी पाणबुडीत काढलेल्या नवऱ्याबरोबर पाणबुडीचा सिनेमा बघणं म्हणजे डोक्याला ताप. पण आज त्यांची प्रत्येक कुरकुर मला औषधासारखी लागू पडत होती. आमचा मुलगाही पाणबुडीवरच आहे. बोट बंदराला लागायचा दिवस टळून गेला, तरी त्याचा फोन नव्हता. "पाणबुडीला उशीर व्हायचाच," असं यांनी सांगून टाकलं आणि मग घरात तो विषय कोणी काढला नाही. आज सिनेमा सूनबाईनेच लावला होता. सासऱ्यांनी सगळं खोटं ठरवावं, एवढ्यासाठीच.

"पेरिस्कोप किती वेळ वर! पाटीच लावा म्हणावं, आम्ही इथे आहोत."

सून हसली. मीही हसले.

मग पडद्यावर पाणी आत घुसलं. कप्तानाने मधला पोलादी दरवाजा बंद करायला लावला. पलीकडे माणसं होती. ती दारावर ठोकत राहिली आणि हळूहळू ते ठोकणं थांबलं.

मी यांच्या कुरकुरीची वाट बघत होते. यांनी हातातला कप खाली ठेवला.

"बाबा, हेही खोटंच ना?" सुनेने विचारलं.

"नाही गं. हे बरोबर दाखवलंय."

मी घाईघाईने म्हटलं, "असू दे. आपल्या बोटीला नुसता उशीर झालाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"इतका उशीर होत नसतो," ते म्हणाले.