टिटवीचा काठ

"पाखरू माघारी चाललंय गं," महादेव म्हणाला.

सौम्याने पिशवी जवळ धरून पाहिली. पार्सल आत्ताच फोडलं होतं. पांढरी कापडी पिशवी, तिच्यावर तांबड्या रंगात टिटव्यांची रांग छापलेली. छपाई स्वच्छ होती, शिवण घट्ट होती. सासरे खूश होतील असं तिला वाटलं होतं.

"माघारी म्हणजे कसं, आप्पा?"

"तोंड बघ की कुणीकडं हाय. पदराकडं जायाला पायजे ते."

"पिशवीला कुठला आलाय पदर?"

"पिशवीला नसू दे. टिटवीला हाय न्हवं?"

सौम्या हसली. महादेव हसला नाही. त्याने कपाटातून बायकोने, सत्यवतीने, काढलेला ग्राफचा कागद आणला आणि मागावरच्या अर्धवट साडीशेजारी धरला. साडी मागावर पालथी विणतात. सुलटी बाजू खाली असते, विणणाऱ्याला उलटीच दिसते. म्हणून कागदावर चित्र उलटं काढायचं, म्हणजे नेसल्यावर ते सुलटं येतं. सौम्याने कागदाचा फोटो काढला होता आणि जसाच्या तसा पिशव्या छापणाऱ्या कंपनीला पाठवला होता.

"हात्तिच्या, एवढंच?" तिने मोबाईलवर एक बटण दाबलं. सगळ्या टिटव्या एका झटक्यात तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

महादेव बघत राहिला. एक टिटवी वळवायची तर सत्यवतीला सगळ्या चौकटी पहिल्यापासून मोजाव्या लागत.

सत्यवतीला जाऊन दहा महिने झाले होते. वडगावातल्या त्या घरात विणायचा महादेव, पण काठ काढायची ती. शाळा तिसरीपर्यंत झालेली. पण आकडे असे पक्के, की कागदावर पेन्सिल टेकवायच्या आधी काठाला किती दोरे लागणार ते ती तोंडाने सांगायची. हा टिटवीचा काठ तिने वीसेक वर्षांपूर्वी काढला होता. त्याच्या साड्या खडेबाजारातलं एक दुकान अजूनही विकत होतं.

सौम्या चिकोडीची. एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती आणि जोडीला काहीतरी घरबसल्या करावं म्हणून तिने हे ऑनलाइन दुकान काढलं. महादेवला तिने समजावून सांगितलं होतं. माल भरायचा नाही, गाळा घ्यायचा नाही. आपण फक्त चित्र द्यायचं. पुण्यात कुणी पिशवी मागवली की बेंगळूरची कंपनी ती एकच पिशवी छापणार आणि परस्पर त्याला पाठवणार.

"मग आपण काय करायचं?"

"काही नाही."

"त्याला धंदा म्हणत्यात?"

तरी तो कबूल झाला, एकाच गोष्टीसाठी. प्रत्येक वस्तूच्या खाली दोन ओळी लिहायला जागा होती. तिथे सौम्याने लिहिलं : चित्र - सत्यवती महादेव कामकर, वडगाव, बेळगाव. ते त्याने तिला तीनदा वाचायला लावलं. इतके काठ काढले त्या बाईने, पण तिचं नाव आजवर कुठे लिहिलं गेलं होतं? रेशनकार्डावर, मतदार यादीत आणि शेवटी हॉस्पिटलच्या कागदावर.

पंधरा दिवसांत एकोणीस पिशव्या गेल्या. एक तर थेट गुवाहाटीला.

"गुवाहाटीत सत्यवतीचं नाव वाचलं असंल कुणीतरी," महादेव म्हणाला.

"वाचलंच असणार."

आणि मग एके दिवशी सौम्या ऑफिसातून आली ती चप्पल न काढताच आत आली. कंपनीने टिटवीची पिशवी तिच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकली होती. कुणीतरी तक्रार केली होती की हे डिझाईन आमचं आहे, आमच्या नावावर नोंदवलेलं आहे, यांनी ते चोरलं आहे.

"चोरलंय?" महादेव उठून उभा राहिला. "कुणी म्हटलं?"

तिने खडेबाजारातल्या त्या दुकानाचं नाव वाचून दाखवलं. महादेवच्या साड्या तिथेच जात. आधी थोरले शेठ बघायचे, आता त्यांचा पोरगा साईराज बघत होता.

"म्हंजे मी माझ्या बायकोच्या घरात चोरी केली?"

"आप्पा, ऐका तरी. कंपनीनं सात दिवस दिलेत. चित्र कुणी काढलं त्याचा पुरावा पाठवायचा. काढणाऱ्याची सही आणि तारीख असलेला कागद."

दोघांनी मिळून सगळे ग्राफ जमिनीवर पसरले. चौकटीन् चौकट भरलेली, पण नाव कशावरच नव्हतं. सही नाही, तारीख नाही. एकावर हळदीच्या बोटाचा डाग होता, एकाच्या कोपऱ्यात नातवाने गाडी काढली होती.

सौम्याने टिटवीचा ग्राफ पुढे ओढला. मग म्हणाली, "तुम्ही लिहा की पेन्सिलीनं. आत्तींचं नाव आणि वीस वर्षांपूर्वीची तारीख. कोण बघायला येतंय?"

"न्हाय."

"खोटं थोडंच आहे? काढलंय त्यांनीच."

"काढलंय तिनंच. सही केलेली न्हाय तिनं." त्याचा आवाज चढला. "जिवंत हुती तवा एका भाडखाऊनं विचारलं न्हाय, बाई तुझं नाव काय म्हनून. आता मेल्यावर सही मागालेत व्हय? आन् मी तिच्या हातानं खोटी सही करू? तिला चोर म्हटलंय त्यांनी, मी तिला लबाड करू?"

सौम्या कागद गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी महादेव टिटवीचा ग्राफ गुंडाळून पिशवीत घालून खडेबाजारात गेला. दुकानात गिऱ्हाईक होतं. मष्णू गादीवर उभा राहून साड्या उलगडून दाखवत होता. बेळगुंदीचा हा माणूस थोरल्या शेठच्या काळापासून तिथे कामाला. वडगावला सायकलवरून ग्राफ शेठना दाखवायला न्यायला, परत आणून द्यायला, साड्या न्यायला तोच यायचा. सत्यवतीच्या हातचा चहा त्याने किती वेळा घेतला असेल त्याला मोजदाद नव्हती.

साईराज उठून पुढे आला. वाकून पाया पडला. "या काका. बसा. चहा सांगतो."

"चहा नको. चोराच्या हातात कप देऊ नगंस, घिऊन जाईल."

"काका, तसं काय न्हाय हो. ते वकिलानं लिहिलंय. आम्ही आमच्या जुन्या साड्यांची सगळी डिझाईनं नोंदवून ठेवलीत. नाहीतर सुरतवाले कॉपी मारतात."

"तुझी डिझाईनं?"

"दुकानाची म्हणा."

महादेवने ग्राफ बाहेर काढून गादीवर पसरला. गिऱ्हाईक बाया वळून बघायला लागल्या. "ह्ये बघ. पाखरू कुणीकडं चाललंय? आन् तुझ्या साडीवर कुणीकडं चाललंय? तू साडीचा फोटू काढून नोंदवलास. सुलटं हाय तुझं. ज्यानं जन्माला घातलं त्याच्याकडं ते उलटं असतंय. माझ्याकडं उलटं हाय. कळतंय का?"

साईराजने कागदाकडे खरोखर नीट पाहिलं. "खरं असेल तुमचं, काका. पण नोंदणीच्या फॉर्मात उलटं-सुलटं विचारत नाहीत. नाव विचारतात. यावर नाव कुठं आहे?"

महादेव मष्णूकडे वळला. "तू सांग रं. कुणी काढलं ह्ये? तुझ्यादेखत काढलंय का न्हाय?"

मष्णूच्या हातात एक उलगडलेली साडी होती. त्याने तिची घडी घालायला सुरुवात केली. काठाला काठ लावला, हाताने सुरकुती काढली. मान वर केली नाही. घडी झाली तशी ती बाजूला ठेवली आणि न उलगडलेली दुसरी साडी उचलून तिचीच घडी परत घालायला लागला.

"मष्णू!"

"गिऱ्हाईक हाय, अण्णा," मष्णू खाली बघूनच म्हणाला.

साईराजने आवाज खाली आणला. "काका, भांडण कशाला? सौम्यावैनींचा धंदा चालू दे. मी तक्रार मागं घेतो. फक्त खाली काकूंच्या नावाऐवजी आमच्या दुकानाचं नाव टाका. एवढंच."

"एवढंच?"

"आणि राग नका मानू. तुम्ही स्वतः बाबांना म्हणायचात, शेठ, माझा काठ बघा कसा उठलाय. मी लहान होतो, इथंच खेळत असायचो. काकूंचं नाव मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही."

महादेवने ग्राफ असा घाईघाईने ओढून घेतला की कागदाला मधोमध घडी पडली. सत्यवतीने वीस वर्षं त्या कागदाला घडी पडू दिली नव्हती.

घरापर्यंत तो चालत आला. वाटेत साईराजला शिव्या घातल्या, मष्णूला घातल्या, बेंगळूरच्या कंपनीला घातल्या. वडगावच्या वेशीपर्यंत घालायला कुणी उरलं नाही आणि मग त्याला ते आठवलं. होय, माझा काठ म्हणायचो. दुकानात म्हणायचो, घरी मष्णू आला तरी म्हणायचो. ती आतून ऐकायची आणि चहा आणून द्यायची.

सौम्याला त्याने साईराजचं म्हणणं सांगितलं. ती पटकन म्हणाली, "मग टाकूया की त्यांचं नाव. एक पिशवी आहे, आप्पा. दुसऱ्या चित्रांवर आत्तींचं नाव राहील."

"ह्याच्यावरच पायजे."

"माझं दुकान आहे हो ते! महिनाभर रात्रंदिवस बसले मी त्याच्यावर. तक्रार तशीच राहिली तर उद्या सगळंच बंद करतील."

"बंद करू दे. दुकानाचं नाव घातलंस तर तो ग्राफ मी चुलीत घालतो."

घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मुदतीच्या सहाव्या दिवशी खडेबाजारात दुकानाला सुट्टी होती. दुपारी दारात सायकल लागली. मष्णू. महादेव मागावरून उठला नाही.

"तोंड घिऊन आलास व्हय? मला वाटलं दुकानातच विसरलास."

"बोला, अण्णा. बोलायचं तेवढं बोला."

"एक शब्द हुता रं. 'वैनीनं काढलंय.' तेवढा निघंना तुझ्यानं?"

"निघंना." मष्णू उंबऱ्यावर बसला. "एकतीस वर्सं हाय मी तिथं. आता ह्या वयात मला कोन ठेवून घेईल? जीभ उचललीच न्हाय."

त्याने सदऱ्याच्या खिशातून वहीचं एक पान काढलं आणि सौम्याच्या हातात दिलं. "माझं अक्षर वाईट हाय. वाच, पोरी."

सौम्याने वाचलं :

मी मष्णू परशराम बोकडे, राहणार बेळगुंदी, लिहून देतो की टिटवीचा काठ सत्यवती महादेव कामकर यांनी काढला. भातकापणीचे दिवस होते. मी ग्राफ न्यायला गेलो तेव्हा वैनी घरामागच्या बांधावर बसून टिटवीची पावलं बोटांवर मोजत होत्या. म्हणाल्या, आज झालं नाही, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर झालं नव्हतं. आठव्या दिवशी झालं. कागद माझ्याकडं देताना वैनी म्हणाल्या, सांभाळून न्या, घडी घालू नका. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे.

खाली सही होती, तारीख होती आणि दुकानाचं नाव घालून लिहिलं होतं : सेल्समन.

"आप्पा, झालं!" सौम्याने मोबाईल उचलला. "साक्षीदाराचं चालतं, कंपनीनं लिहिलंय तसं. आत्ता फोटो काढून पाठवते."

"थांब. साईराजला कळतंय का ह्ये?"

ती मोबाईलवर बोट फिरवत राहिली. मग सावकाश म्हणाली, "पुराव्याची एक प्रत तक्रार करणाऱ्याला देतात."

मष्णू म्हणाला, "ठाऊक हाय मला. मी इचारूनच आलोय. पाठवा."

"मग काढून टाकंल तुला."

"टाकू दे की. त्या दिवसापास्नं घास उतरत न्हाय, अण्णा."

महादेव मागावरून उठला. हात धोतराला पुसले. सौम्याकडून कागद घेतला, दाराच्या उजेडात धरून स्वतः वाचला. त्याला वाचायला वेळ लागत असे. सत्यवतीचं नाव जिथे पूर्ण लिहिलं होतं तिथे तो थांबला, पुढे गेला, मागे आला.

"जेवलास?"

"न्हाय."

"सौम्या, ताट वाढ."

मग त्याने कागद मागाच्या लाकडावर ठेवला. सहीच्या वर नखाने रेघ ओढली, ती रेघ दोनदा दाबली आणि त्या रेघेवरून कागद सरळ फाडला. खालची पट्टी, सही, तारीख आणि दुकानाचं नाव असलेली, त्याने मष्णूच्या खिशात घातली. मग मष्णूच्या नावाची पहिली ओळ तशीच दुमडून, थुंकी लावून, अलगद काढली आणि तीही त्याच खिशात घातली.

"आप्पा! आता हे काय उपयोगाचं?" सौम्या ओरडली.

"न्हाय उपयोगाचं. उद्याच्याला कळीव त्यांना, पुरावा न्हाय म्हनून. टिटवी काढून टाका म्हनावं."

पहिल्या ओळीबरोबर 'लिहून देतो की' हे शब्दही गेले होते. उरलेला कागद 'टिटवीचा काठ सत्यवती महादेव कामकर यांनी काढला' इथूनच सुरू होत होता. महादेवने तो ग्राफांच्या गठ्ठ्यावर ठेवला, सपाट, घडी न घालता, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर तळहात ठेवून उभा राहिला. आत सौम्या भांडी आपटत ताट वाढत होती.