मान वाकडी

नाव नसलेली गिटार घेऊन माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याला घबाड सापडलं. तोक्योच्या एका शहाण्याने आपल्या गिटारीच्या आतला ४७ हा आकडा वाचून ती १९४७ सालची ठरवली होती. अरे बाबा, शोवा सत्तेचाळीस, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीचं सत्तेचाळिसावं वर्ष, १९७२. मात्सुमोतो शहरातल्या गिटारींच्या कारखान्यात माझी हयात गेली आणि हा मला शिकवायला निघाला.

त्या सकाळी आलेल्या बाई मात्र शांत होत्या. वय माझ्याएवढंच, ऐंशीच्या आसपास. रजईच्या खोळीतून त्यांनी लाल गिटार काढली. डोक्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं.

"कुणी केली सांगाल का, फुरिहाता-सान? आणि चांगली आहे का, तेही."

"स्टोव्हजवळ बसा आधी. चहा घ्या. हे नोझावानाच्या पाल्याचं लोणचं घ्या, घरचं आहे."

पाठीवरची पत्र्याची चकती आणि खुंट्या बघितल्यावर फार शोधावं लागलं नाही. ती आमच्याच कारखान्यातली होती.

"नाव का नाही?" त्यांनी विचारलं.

"नाव तपासणी झाल्यावर चिकटवायचे. जी नापास, ती बिननावाची."

"म्हणजे ही वाईट?"

"ते पट्टी सांगेल."

मी पोलादी पट्टी गिटारीच्या मानेवर लांबीने धरली आणि खिडकीच्या उजेडात पाहिलं. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा येईना. पन्नास हिवाळे काढूनही मान केसभर हलली नव्हती. खरं सांगतो, मला हेवा वाटला.

"ज्याने केली तो पक्का कारागीर," मी म्हणालो. "असा हात हजारात एखाद्याचा. हिला नापास करणारा आंधळा असला पाहिजे."

बाई हसल्या नाहीत. "आत काही लिहिलेलं असतं म्हणतात. उघडून बघा ना. मी चष्मा विसरले."

तारा सैल करून मी पाठचे चार स्क्रू काढले, मान उचलली. खाचेत पेन्सिलीने तारीख, शोवा ४७, अकरावा महिना. शेजारी 'मो'. ही खूण आमच्याकडे माना घडवणाऱ्या मोमोसेची. त्याखाली लाल शिक्का, 'नापास, मान वाकडी'. आणि त्यावर माझ्या नावाची गोल मोहोर.

त्या वर्षी अमेरिकेतून माल परत आला होता, माना वाकल्या म्हणून. लाकूड पुरतं वाळायच्या आत मालकाने बाहेर काढायला लावलं होतं, पण मालकाला कोण बोलणार? कुणाच्या तरी गळ्यात घालायचं होतं. तपासणी माझ्याकडे होती, मला मुकादम व्हायचं होतं, आणि मोमोसे कधी उलटून बोलत नसे. पट्टी न लावताच मी शिक्का मारला. नव्या वर्षाच्या आत त्याला काढलं, आणि जाताना हीच गिटार त्याच्या हातात दिली.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"तारीख आहे. बाकी पुसलंय."

"कुणी केली?"

"नाही सांगता येत." मी घाईने स्क्रू आवळू लागलो. "पण दीड लाख येन सहज येतील. गिऱ्हाईक मी बघतो."

त्यांनी गिटार खोळीत घातली, गाठ नीट मारली आणि वाकून नमस्कार केला. दारापाशी थांबून कोटाच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"विकायची नाहीये. माझं नाव तुम्ही विचारलंच नाहीत. मी मोमोसे. शिक्का मी पन्नास वर्षं वाचतेय, फुरिहाता-सान. ह्यांना जाऊन चाळीस दिवस झाले. म्हटलं, आता तरी एकदा तुम्ही वाचून दाखवाल."

मी खाली बघत राहिलो. पट्टी समोरच पडली होती. दार सरकवून बंद केल्याचा आवाज आला, तरी मला मान वर करता आली नाही.