कोरड्या तलावातले दिवे

गावच्या पोहण्याच्या तलावातलं पाणी आटलं, पण पोहण्याचे मास्तर काही आटले नाहीत. तळाला तडे गेले होते. ते बुजवण्यापेक्षा तलाव बंद करणं सोपं होतं, आणि मास्तरांना घरी बसवण्यापेक्षा त्यांना दुसरं काम देणं सोपं होतं. मग नगरपालिकेनं कोरड्या तलावात टेबलं मांडली, उडी मारायच्या फळीवर इंटरनेटचा डबा बसवला आणि दारावर 'लोकोपयोगी नवउद्योग केंद्र' अशी पाटी ठोकली. डोक्यात चार लोकांचं भलं करणारं यंत्र आहे पण खिशात खडखडाट आहे, अशा पोरापोरींनी इथे बसायचं, आणि मास्तरांनी त्यांना बुडू द्यायचं नाही, अशी एकंदर योजना.

स्टार्टअप म्हणजे काय हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. बुडणं म्हणजे काय हे चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांनी पोहण्याचेच नियम पुढे चालू ठेवले. नव्यानं उथळ बाजूला बसायचं. यंत्र आधी घरच्या माणसावर चालवून दाखवायचं, त्याशिवाय खोल बाजूला टेबल नाही. आणि तलावाच्या कडेनं पळायचं नाही. हा शेवटचा नियम कशासाठी, असं कोणी विचारलंच तर मास्तर म्हणायचे, "घसराल." फरशीवर पाण्याचा थेंब पडून वर्ष लोटलं होतं, पण मास्तरांच्या गळ्यात शिट्टी होती आणि शिट्टीशी कोण वाद घालणार.

उथळ बाजूला एकाचं शिळं अन्न वासावरून ओळखणारं यंत्र होतं. ते मालक जवळ आला की वाजायचं. दुसऱ्याचं यंत्र ऐकू न येणाऱ्यांसाठी बोललेलं लिहून दाखवायचं. त्याला सगळ्यांत स्वच्छ मास्तरांची शिट्टी ऐकू यायची, आणि तिचं ते दर वेळी 'बरं' असं भाषांतर करायचं.

खोल बाजूला मात्र एकटी नळवाली बसायची. तिचं यंत्र साधं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरातल्या नळाला एक डबी लावायची. माणूस उठतं, नळ सोडतं, डबीला कळतं, केंद्रातल्या फळ्यावर त्या घराचा दिवा जळत राहतो. न्याहारीची वेळ टळली तरी नळ सुटला नाही, तर दिवा विझतो आणि शेजाऱ्याच्या फोनवर निरोप जातो, की जरा डोकावून या.

ही जागा मिळण्याआधी अडचण नियमाची होती. नळवाली बाहेरगावची, तिचं इथे घरचं असं कोणी नव्हतं. मग मास्तरांनी तिला स्वतःची आई दिली. उसनी.

आई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. गल्ली सगळी तिच्याच वयाची. शेजारी शिंपीकाका, पलीकडे बेकरीवाले आजोबा, कोपऱ्यावर दोन जुळ्या बहिणी, ज्या एकमेकींशी बोलत नव्हत्या पण एकाच नळावर भांडी घासायच्या. मास्तरांच्या आईनं डबी लावून घेतली म्हटल्यावर साऱ्या गल्लीनं लावून घेतली. शिंपीकाकांनी तर डबीला अस्तराचं झबलं शिवलं.

त्याआधी मास्तर रोज सकाळी आईला फोन करायचे. त्यात तिचे गुडघे, शिंपीकाकांचा रेडिओ आणि खिडकीत ऊन येत नाही ही तक्रार, असे ठरलेले तीन विषय असायचे. डबी बसली आणि मास्तरांची सोय झाली. केंद्रात आल्या आल्या फळ्याकडे बघायचं. दिवा जळतोय, म्हणजे आई ठीक. रोजचा फोन रविवारचा झाला, आणि मग रविवारीही दिवा जळतोच की, असं त्यांच्या लक्षात आलं.

पैसे देणाऱ्या संस्थेच्या बाई पाहणीला यायच्या होत्या. केंद्र आणखी वर्षभर चालवायचं की तलाव बुजवून गाड्या लावायला जागा करायची, हे त्यांच्या हातात होतं. नळवालीनं मुद्दाम सकाळची वेळ मागून घेतली. मास्तरांनी आदल्या आठवड्यात शिंपीकाकांकरवी आईच्या कानावर घालून ठेवलं होतं, की आमची परीक्षा आहे.

बाई टाचेच्या बुटांसकट शिडीवरून खोल बाजूला उतरल्या. फळ्यावर गल्लीचे सगळे दिवे मंद हिरवे जळत होते. नळवालीनं समजावून सांगायला सुरुवात केली. गाडी रुळावर होती.

"म्हणजे दिवा विझला, तर समजायचं की..." असं ती म्हणाली, आणि मास्तरांच्या आईचा दिवा विझला.

नळवाली थांबली. मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या विजेच्या बटणाकडे, मग पुन्हा फळ्याकडे. शिंपीकाकांना निरोप गेल्याचं फळ्यावर उमटलं. शिंपीकाका जाऊन बघतील, असं नळवाली घाईनं म्हणाली. तेवढ्यात शिंपीकाकांचाही दिवा विझला. मग बेकरीवाल्यांचा. मग जुळ्या बहिणींचा, तो दोघींत एकच असल्यानं एकदाच विझला. बघता बघता आख्खी गल्ली गेली.

बाईंचं लिहिणं थांबलं.

"हे नमुना म्हणून दाखवताय ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," नळवाली म्हणाली. "ही खरी माणसं आहेत."

मास्तर फोन लावत होते. आईचा फोन वाजत होता, वाजून वाजून बंद पडत होता. शिंपीकाकांचाही तसाच. वाजणारा फोन ऐकताना मास्तरांना आठवायचा होता आईचा शेवटचा आवाज, आणि आठवत होता तो फक्त एक हिरवा दिवा. शेवटचं ती काय म्हणाली होती? खिडकीत ऊन येत नाही, असं. त्यावर आपण काय म्हणालो? बघतो, असं. बघितलं मात्र फळ्याकडे.

ते शिडी चढून वर आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच तलावाच्या कडेनं पळाले. खालून साऱ्या पोरांनी ते पाहिलं. कोरड्या ठणठणीत फरशीवर, दारापासून हातभर अंतरावर, मास्तर घसरले आणि दारात आलेल्या कोणाच्या तरी पायांशी सपशेल आडवे झाले.

पाय ओळखीचे होते. त्यांत सणावाराला काढायच्या चपला होत्या.

"हळू," आई म्हणाली. "लहानपणापासून सांगतेय, कडेनं पळू नये."

तिच्या मागे शिंपीकाका उभे होते, कडक इस्त्रीत. त्यांच्या मागे पावाचा डबा घेऊन बेकरीवाले, आणि दोन बाजूंना तोंडं केलेल्या जुळ्या बहिणी. सगळी गल्ली बेकरीच्या गाडीत बसून परीक्षा बघायला आली होती. फोन कोणीच आणले नव्हते, गर्दीत हरवतात म्हणून.

मास्तर उठले नाहीत. शेकडो पोरांना पाण्याबाहेर काढलेल्या त्या माणसानं आईचा पाय धरला आणि ते श्वास परत येईपर्यंत तिथेच बसून राहिले. मग त्यांनी कसंबसं विचारलं, की सकाळपासून नळ का सोडला नाही.

आईनं त्यांच्याकडे, नापास होत आलेल्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "आज त्या यंत्राची परीक्षा ना? रोज राबतंय बिचारं. म्हटलं, आजच्या दिवस विश्रांती द्यावी. रात्रीच सगळ्यांनी पाणी भरून ठेवलं."

शिंपीकाकांनी पुस्ती जोडली, की त्यांनी तर डबीचं झबलंही धुऊन वाळत घातलंय.

हे सगळं खालपर्यंत ऐकू आलं. ऐकू न येणाऱ्यांच्या यंत्रानं ते शब्दन्‌शब्द बिनचूक लिहिलं, तेही पहिल्यांदाच. नळवाली टेबलावर डोकं टेकून हसत होती की रडत होती हे कळायला मार्ग नव्हता, कारण मध्येच ती दोन्ही करत होती.

बाई शिडी चढून वर आल्या. त्या म्हणाल्या, की यंत्र काही खोटं बोललं नाही. घरात कोणी नळ सोडला नव्हता, ते तसंच त्यानं सांगितलं. फक्त एक बदल त्यांना हवा होता. दिवा विझला की पहिला निरोप शेजाऱ्याला न जाता पोटच्या पोराला जावा. "आणि पोरानं फोन केला तरच दिवा पुन्हा लागावा," असं म्हणून त्या जरा बाजूला गेल्या आणि स्वतःचा फोन कानाला लावला. बराच वेळ त्या नुसत्या "हो, जेवते ग" एवढंच म्हणत होत्या. परतल्या तेव्हा त्यांनी केंद्राला वर्ष देऊन टाकलं.

आईला खोल बाजू बघायची होती. मास्तरांनी हात धरून तिला शिडीवरून उतरवलं आणि फळ्यासमोर बसवलं. आपला विझलेला दिवा तिनं नीट निरखला.

"एवढाच?" ती म्हणाली.

"एवढाच."

"फोन केला असतास, तर नळाचं मीच सांगितलं असतं."

मास्तरांनी शिट्टी चाचपली, पण वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, फळा बघायच्या आधी, त्यांनी फोन लावला. आई गुडघ्यांपासून सुरू झाली, रेडिओवर आली आणि उन्हावर पोचली. मास्तर म्हणाले, मी येतो, खिडकीपुढचं कपाट हलवू. पलीकडे नळ सुटल्याचा आवाज आला. मागे फळ्यावर काय झालं, हे त्यांनी वळून पाहिलं नाही.